‘ज. म.’ कोरलेली देग

मित्रांनो, मी एक जुनी पितळी देग आहे; लग्नाकार्यात भात शिजवायचं ते भलंमोठं भांडं. गोरेगावात माझ्याशिवाय पंगत उठत नाही, हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. छे, मोठेपणा म्हणूनच सांगते!

आमच्या गल्लीतल्या अकरा बायकांनी जगदंबा मंडळ काढलं, तेव्हा माझा जन्म झाला. कुणी फुटका तांब्या आणला, कुणी चेपलेली परात. तांबटाने ते सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत वितळवून मला घडवलं. एवढ्या जणींची नावं काठावर कुठे मावणार? म्हणून मंडळाची दोन अक्षरं कोरली, ‘ज. म.’

पुढे मंडळ मोडलं, त्याचं नावही लोक विसरले. अक्षरं तेवढी राहिली. मग काय, ज्याला जसं सुचेल तसं तो वाचू लागला. देवळातले व्यंकटराव ‘जय महादेव’ वाचत, पंगतीतली पोरं ‘जरा मसालेभात!’ म्हणून ओरडत. मला सगळेच अर्थ आवडत. एवढी नावं गावात दुसऱ्या कुणाला होती?

माझ्या मुक्कामाचा नेम ठरलेला. ज्या घरी शेवटचं कार्य झालं, तिथेच पुढच्या कार्यापर्यंत राहायचं. गेल्या माघात जनकाबाई मस्के वारल्या. त्यांच्या तेराव्याचा भात माझ्यातच शिजला आणि मी त्यांच्याच पडवीत राहिले. महिन्याभराने त्यांचा नातू हरीश हिंगोलीहून घर आवरायला आला. काठावरची अक्षरं बघून म्हणाला, “ज. म. म्हणजे जनकाबाई मस्के. आजीचीच हाये.” आणि ड्रायव्हरला हाताशी घेऊन त्याने मला मोडीत घालायला जीपमध्ये चढवलं.

मी घाबरले. मोडीत गेलेलं भांडं परत येत नाही, मित्रांनो. त्यातून परवावर त्या अकरा जणींपैकी सखुबाईच्या नातीचं, कोमलचं लग्न आलेलं.

जीप सुटायच्या आत सखुबाईच आडवी उभी राहिली. “देग कुठं घेऊन चालला रे?”

“आमची हाये. नाव बघा की आजीचं.”

“नाव ऱ्हाऊ दे. ह्यात माझ्या माहेरचा तांब्या हाये. तुझ्या आजीची परात बी हाये.”

“माझ्या सासूची समई हाये,” मागून धुरपताबाई म्हणाल्या.

अनुसयाबाईंनी तर माझ्यावर हातच ठेवला. “माझ्या लेकरानं पहिला घास ज्या वाटीतून खाल्ला, ती वाटी हाये ह्यात. तेवढी काढून दे, मंग ने.”

हरीशची मान खाली गेली. “मला हे कुणी सांगितलंच न्हाई,” तो म्हणाला. त्याने मला उतरवून घेतलं आणि त्याच दिवशी कलई लावून आणली. कोमलच्या लग्नात भात वाढायलाही तोच उभा होता.

मित्रांनो, जुन्या भांड्यावरचं नाव वाचून थांबू नका. ते कुणी कुणी मिळून केलं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ती आहेत तोवर. वर्षातून एकदा कलई करा आणि आम्हाला फार दिवस रिकामं ठेवू नका.

सध्या माझा मुक्काम सखुबाईच्या ओसरीवर आहे. कार्य निघालं असेल तर खुशाल न्यायला या. पण दोघं-तिघं मिळून या. एकट्याच्याने मी उचलली जात नाही!