बॅजवरचा आकडा

बाईंनी पाकीट खिडकीतून पुढे सरकवलं. पलीकडच्या म्हाताऱ्याने ते तिथेच उघडलं, आतली फिल्म उजेडाकडे धरली आणि हे मनगट आपलं नाही म्हणून सांगितलं. त्याचं खरं होतं. ते एका लहान मुलाचं मनगट होतं. अंगठ्याकडच्या हाडाच्या टोकाशी वाढीची फट अजून उघडी दिसत होती. बाईंनी पाकीट परत घेतलं, दुसरं शोधून दिलं, माफी मागितली. सकाळपासूनची ही तिसरी चूक. बावीस वर्षं त्यांनी एक्स-रे यंत्रावर काढली होती आणि एकाही फिल्मवरचं नाव चुकवलं नव्हतं. आता नुसती पाकिटं वाटायची होती, तर तेही धड होत नव्हतं.

यंत्रावर काम करणाऱ्याच्या छातीवर एक छोटा बॅज असतो. अंगावर किती किरण पडले त्याची नोंद त्यात साठत जाते आणि दर तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत मोजला जातो. बाईंचा आकडा आजवर असून नसल्यासारखाच यायचा. या खेपेला मात्र तो एवढा आला, की प्रयोगशाळेने इस्पितळाच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना पत्र पाठवलं. त्याच दुपारी बाईंना यंत्रावरून उठवून रिपोर्टांच्या खिडकीत बसवलं गेलं. तीन महिन्यांसाठी. शिवाय लेखी खुलासा द्यायचा होता.

त्यांनी खुलासा दिला. आपण फिल्म घेताना नेहमी काचेमागे असतो आणि बॅज पूर्ण वेळ छातीवर असतो, असं लिहिलं. तो परत आला; आकड्याचा उलगडा यातून होत नाही, असा शेरा होता. त्यांनी पुन्हा तेच जरा कडक शब्दांत लिहिलं. तोही परत आला. रक्ताची तपासणी उत्तम निघाली, पण त्याचाही आनंद वाटेना. शरीर म्हणत होतं काही झालं नाही, कागद म्हणत होता झालं, आणि इस्पितळ कागदाचं ऐकत होतं. घरी नवरा गमतीने म्हणाला, जिन्यातला दिवा गेलाय, तू पुढे हो, उजेड पडेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत.

खिडकीतून एक्स-रेची खोली समोरच दिसायची, हा आणखी एक त्रास. त्यांच्या जागी आलेले नवे सर एकेक फिल्म दोनदोनदा घ्यायचे. दार उघडायचं, बंद व्हायचं, पुन्हा तोच रुग्ण आत जायचा. बाई पाकिटांच्या गठ्ठ्यावर बोटं आपटत बसायच्या. लहान मुलांची फिल्म तेवढी पहिल्याच वेळी नीट यायची, कारण त्यांना धरायला मावशी असायच्या.

मावशी म्हणजे विभागातल्या मदतनीस. हात मोडलेलं मूल रडत आलं की मावशी त्याच्या चांगल्या हाताची नाडी अंगठ्याच्या मुळाशी बोटं टेकवून धरायच्या, दुसऱ्या हाताने मोडक्या हाताचं कोपर सावरायच्या आणि काहीतरी पुटपुटत राहायच्या. नाडी शांत झाली की काचेकडे न बघताच म्हणायच्या, "घ्या आता." कोणतं हाड गेलंय हेही त्या अनेकदा आधीच सांगायच्या: अंगठ्याकडचं की करंगळीकडचं. नवशिके डॉक्टर फिल्म बघून तेच सांगायचे, फक्त लॅटिनमध्ये. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं.

पाचव्या आठवड्यात, अकराच्या सुमारास, समोरचं दार उघडलं आणि मावशी एका मुलीला कडेवर घेऊन बाहेर आल्या. मुलीच्या आईकडे तिला देताना त्या वळल्या, आणि बाईंना दिसलं की मावशींनी शिशाच्या जड अ‍ॅप्रनवरून एक पांढरा कोट चढवला आहे. कोट पुरुषी होता, बाह्या दुमडलेल्या. खिशावर बॅज लावलेला होता.

बाई खिडकी तशीच सोडून उठल्या.

"हा कोट कुणाचा, मावशी?"

"नव्या सरांचा. यंत्राच्या खोलीत किती गार असतं, आणि अ‍ॅप्रनला बाह्या नाहीत. सर काचेमागे उकडतं म्हणून काढूनच ठेवतात." मावशी हसल्या. "तुम्हीही ठेवायचात की. तुम्ही होतात तेव्हा तुमचाच घालायचे."

"मला न विचारता?"

"विचारलं होतं. यंदा थंडी सुरू झाली तेव्हा. तुम्ही मान हलवलीत."

बाईंना ते आठवत नव्हतं, पण खोटं वाटलं नाही. यंत्रावर असताना त्या अशा कितीतरी गोष्टींना वर न बघता मान हलवायच्या. पूर्ण वेळ छातीवर, असं त्यांनी दोनदा सही करून लिहून दिलं होतं. तरीही त्या क्षणी त्यांना आधी काय वाटलं असेल, तर सुटका. आकडा आपला नव्हता. आपण चुकलो नव्हतो. त्या जवळजवळ धावतच सुरक्षा अधिकाऱ्यांच्या खोलीत गेल्या.

अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि त्यालाही बरं वाटलं. असंच लिहून द्या म्हणाला: कोट काढून ठेवला होता, त्यावर बॅज राहिला आणि खोलीतले किरण त्यावर पडले. म्हणजे आकडा कुणाच्याच शरीराचा नाही. तो रद्द होतो, सोमवारी तुम्ही यंत्रावर.

"पण कोट रिकामा नव्हता," बाई म्हणाल्या.

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. मावशींना बॅज दिलेला नाही, तो शांतपणे म्हणाला, आणि ज्याला बॅज नाही त्याचा डोस कुठे मांडता येत नाही. तुम्ही त्यांचं नाव लिहिलंत, तर बॅज नसलेली बाई अकरा वर्षं आत काय करत होती असं विचारतील. तिला आत कोण बोलवत होतं, तेही विचारतील. त्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे.

माहीत होतं. बाई जिन्यात थांबल्या. एवढा राग आला होता, पण तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. महिनाभर ज्या आकड्याला त्या झटकत होत्या, तो आता झटकता येत होता, तर हाताला चिकटून बसला होता.

मावशी मागच्या पायरीवर डबा खात होत्या. बाई शेजारी बसल्या आणि जेवढं सोपं करून सांगता आलं तेवढं सांगितलं. अ‍ॅप्रनमधलं शिसं किरण अडवतं, त्यामुळे आत शरीराला फारसं लागलं नसेल. हातांवर मात्र तसं आवरण नव्हतं, आणि हात तर बॅजपेक्षाही किरणांच्या जवळ असायचे.

मावशींनी डबा बाजूला ठेवून हात उलटसुलट करून पाहिले.

"दुखत तर काही नाही."

"ते दुखत नसतंच."

"मग आता?"

बाईंनी दोन्ही प्रकार सांगितले. एक अधिकाऱ्याने सुचवलेला, एक खरा. खरं लिहिलं तर तुमचे हात तज्ज्ञाकडून तपासून घेतील, पण आत जाऊ देणार नाहीत, हेही सांगितलं.

"कुठे पाठवतील?"

"तळघरात, चादरींच्या धुलाईत, बहुतेक."

मावशींनी डब्याला झाकण लावलं. "तिथं यंत्रांच्या आवाजात माणसाशी बोलताही येत नाही. तुम्ही नका लिहू, बाई. आजवर तुम्हाला काही मागितलं नाही मी."

बाईंनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी खुलासा लिहायला बसल्या, आणि नावाच्या जागी अडल्या. मावशींचं नाव त्यांना माहीत नव्हतं. हजेरीच्या कारकुनाकडे जाऊन विचारावं लागलं. त्यालाही वही चाळावी लागली. मग त्यांनी सगळं लिहिलं. मान हलवल्याचंही लिहिलं, आणि आधीचे दोन्ही खुलासे खोटे होते हेही.

चौकशी दीड महिना चालली. बाईंना लेखी ताकीद मिळाली आणि त्या यंत्रावर परतल्या. मावशींचे हात तज्ज्ञाने तपासले. आत्ता काही नाही, दरवर्षी बघू, असं ठरलं. एक्स-रेच्या खोलीत त्यांना बंदी झाली, आणि त्याच कागदावर पुढच्या ओळीत त्यांच्या नावे एक बॅज मंजूर झाला. बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. आता मुलांना त्यांचे आईवडील धरत. ते स्वतःच थरथरत असत. फिल्म हलायची, पुन्हा घ्यावी लागायची. धुलाईकडे जायच्या वाटेवर मावशी दोनदा समोरून आल्या आणि दोनदा भिंतीकडे बघत गेल्या.

बॅज आला तो बाईंच्याच टपालात. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या तो घेऊन तळघरात उतरल्या. यंत्रं खरोखरच कानठळ्या बसवत होती. मावशी ओल्या चादरींच्या ढिगाशी उभ्या होत्या. त्यांनी हात पुसून बॅज घेतला आणि त्यावरचं आपलं पूर्ण नाव ओठ हलवत वाचलं.

"मागची अकरा वर्षं यात धरलीत का?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

"नाही. हे आजपासूनचं."

"आजपासून इथं काय येणार?"

मावशींनी बॅज छातीवर लावला. तो तिरका बसला होता, पण त्यांनी सरळ केला नाही. ढिगातून एक मोठी चादर ओढून काढली, दोन टोकं स्वतःकडे घेतली आणि उरलेली दोन बाईंपुढे केली.

"धरा," त्या म्हणाल्या. "घट्ट धरा. ढिली पडली की मला परत घ्यावी लागते."