तुम्ही म्हणाल तसं

“श्वास सोडा, फादर. पोट आत घेतलंत तर झगा मापात होईल, पण तुमच्या मापात नाही.”

मास्तरांनी टेप पुन्हा फादरांच्या कमरेभोवती फिरवली. फादर ओशाळून हसले आणि त्यांनी पोट सैल सोडलं. मागच्या झग्यापेक्षा टेप चांगलीच पुढे सरकली, पण मास्तर बोलले नाहीत. गिऱ्हाइकाची लाज राखणं हे शिंप्याचं अर्धं काम असतं आणि ते काम मास्तर बिनबोभाट करत.

“अरे, पांढरी बटणं संपलीत,” ते मागे वळून म्हणाले. “जरा घेऊन ये.”

मशीनवरून त्यांचा धाकटा मुलगा लगेच उठला. शिवण अर्ध्यावर होती, सुई कापडात रुतलेली. किती आणू, आत्ताच का, काही नाही. पायांत चपला सरकवल्या आणि निघालासुद्धा. लग्नाच्या वयाचा पोरगा, पण सांगितल्या कामाला त्याने कधी का म्हणून विचारलेलं मास्तरांना आठवत नव्हतं. आणि बटणं काही संपलेली नव्हती.

“फादर, एक विचारू?” मास्तरांनी टेप गळ्यात टाकली. “परवा प्रवचनात तुम्ही म्हणालात, पिता आणि पुत्र बरोबरीचे. कुणी वर नाही, कुणी खाली नाही.”

“हो.”

“आणि लगेच पुढे म्हणालात, पुत्र पित्याच्या आज्ञेत राहिला. अगदी क्रुसावर मरेपर्यंत.”

“तेही खरं.”

“बरोबरीचे आहेत तर एकानेच का ऐकायचं?”

आरशासमोर हात पसरून उभे असलेल्या फादरांनी हात खाली घेतले. “कमी आहे म्हणून नाही ऐकत तो, मास्तर. प्रेमाने ऐकतो. दोघांच्या मनात वेगवेगळं काही नसतंच.”

“मग मरणाच्या आदल्या रात्री त्या बागेत गुडघे टेकून, हे टळेल का म्हणून विनवत होता, ते कुणाच्या मनातलं?”

“माणूस म्हणून भीती वाटली त्याला. शेवटी त्याने पित्याचंच मानलं ना.”

“आणि बाप काय बोलला?”

“काही नाही,” फादर म्हणाले. “तिथे पित्याचं एकही वाक्य नाही.”

“पण बापाला कळलं कसं, फादर? पोरगं मनापासून हो म्हणतंय, की त्याला नाही म्हणायची सवयच नाही?”

फादरांनी कपाळ चोळलं. “यावर फार मोठ्या माणसांनी डोकं शिणवलंय, मास्तर. मला समजलंय तेवढं मी रविवारी सांगतो. बाकीचं मलाही...” त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि आवाज उतरवून विचारलं, “थोरली कशी आहे?”

थोरलीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. दिवसाआड तिला हॉस्पिटलात यंत्राला जोडत आणि संध्याकाळी ती पिळून काढलेल्या कापडासारखी घरी येई. घरातल्या कुणाची किडनी मिळाली तर पोरगी उभी राहील, असं डॉक्टर म्हणाले. मास्तरांना साखर, त्यांची चालणार नव्हती. बायको केव्हाच गेलेली. राहता राहिला धाकटा, ज्याला आईमागे थोरलीनेच लहानाचा मोठा केला होता.

त्याला विचारायला मास्तरांची जीभ रेटेना. थोरलीचा चेहरा पाहिला की शब्द ओठांवर येत, धाकट्याची मशीनवर वाकलेली पाठ पाहिली की परत गिळले जात. शेवटी एका दुपारी कॉलर कापता कापता, कापडावरची नजर न उचलता, त्यांनी विचारून टाकलं. धाकट्याने दाताने दोरा तोडला.

“तुम्ही म्हणाल तसं, बाबा.”

कॉलर गोल ठेवू की टोकदार, याचंही उत्तर तो नेमकं याच शब्दांत देत असे. तेव्हापासून मास्तरांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. लेक वाचायला हवी होती, हे तर खरंच. पण पोराला नकार देता येत नाही म्हणून त्याला टेबलावर झोपवायचं? त्यांनी आडून विचारलं, सरळ विचारलं, एकदा तर चिडूनही विचारलं, की तुझ्या मनात काय आहे ते सांग. “तुमच्या मनात आहे तेच,” तो म्हणाला आणि शिवत राहिला. पोरगा संत आहे की ठोंब्या, हे बापाला सांगता येईना.

फादर गेल्यावर मास्तरांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. नव्या झग्याच्या दोन्ही बाह्या त्यांनी मुद्दाम चार बोटं आखूड कापल्या. कापड वाया घालवायचा हात नव्हता त्यांचा, कात्री चालवताना कसंसंच झालं. धाकट्याने बाह्या घेतल्या, एकीवर एक ठेवल्या, स्वतःच्या मनगटाशी धरून पाहिल्या. मास्तर नुसते बघत होते. बोल रे बाबा, ते मनातल्या मनात म्हणत होते, एवढं तरी बोल. आज बाहीला नाही म्हणालास तर मी समजेन तुला नाही म्हणता येतं.

धाकट्याने बाह्या मशीनखाली सरकवल्या आणि पायडल मारायला सुरुवात केली.

झगा न्यायला फादर आले तेव्हा बाह्यांमधून त्यांची केसाळ मनगटं बाहेर आली. ते आरशात पाहत राहिले.

“तुला दिसलं नाही?” मास्तर धाकट्यावर कडाडले.

“दिसलं की.”

“मग शिवलंस कसं?”

“तुम्ही कापलं होतं,” धाकटा गोंधळून म्हणाला. “म्हटलं, मेणबत्त्या पेटवताना फादरांच्या बाह्या ज्योतीवर जात असतील, म्हणून तुम्ही आखूड केल्या असतील.”

“जातात खरंच,” फादर हात वरखाली करत म्हणाले. “मागच्या झग्याची भाजली होती. हे सोयीचं आहे, मास्तर.”

फादर खुशीत झगा घेऊन गेले. मास्तर कात्री हातात धरून तसेच बसून राहिले. या परीक्षेत पोरगा पास झाला की नापास, तेच त्यांना उमजेना. बाप करतो त्यात काहीतरी शहाणपण असणार, असं धरून चालला होता पोरगा. आणि बापाच्या मनात तर नुसता घोळ होता. एवढ्या विश्वासाची मास्तरांना भीतीच वाटली. आपण चुकीचं कापलं तरी हा शिवणार. मग जिथे उसवता येत नाही तिथे याला पाठवायचं कसं?

ऑपरेशनसाठी दाखल व्हायच्या सकाळपर्यंत त्यांचं ठरलं होतं. थोरलीला वरच्या मजल्यावर नेऊन ठेवलं होतं. धाकटा पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसला होता. “आलोच,” म्हणून मास्तर कोपऱ्यातल्या खोलीत शिरले. किडनी देणाऱ्यांशी एकट्याने बोलण्यासाठी हॉस्पिटलने नेमलेल्या बाई तिथे बसत.

“माझ्या पोराची किडनी घेऊ नका,” मास्तर उभ्या उभ्याच म्हणाले. वरच्या मजल्यावरच्या लेकीची आठवण झाली, तरी ते थांबले नाहीत. “तो माझ्या शब्दाखातर तयार झालाय. मी सांगितलं म्हणून.”

बाईंनी चष्मा काढला. “तुम्ही त्याला कधी सांगितलंत?”

“झाला असेल महिना.”

“काका, तो तर त्याच्या कितीतरी आधी आला होता माझ्याकडे. एकटाच. रक्त जुळतं का, देता येईल का, सगळं विचारून गेला.” त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. “हे मी तुम्हाला सांगायला नको होतं खरं तर.”

मास्तर बाहेर आले. ते धाकट्याशेजारी बाकावर टेकले.

“तू माझ्याआधीच आला होतास इथे?”

चोरी पकडल्यासारखी धाकट्याने मान खाली घातली. “हो.”

“मग बोलला का नाहीस? इकडे जीव अर्धा झाला माझा!”

“मी देतो म्हणालो असतो तर ताईने मला हाकलून दिलं असतं. तुमच्यापुढे तिचं काही चालत नाही. म्हटलं, तुम्ही विचाराल.” तो किंचित हसला. “पण तुम्ही विचारेचनात.”

मास्तरांना राग आला, हसू आलं, आणि त्या दोन्हींच्या खालून रडूही आलं. पोराला आपण पाठवतोय म्हणून ते दिवसरात्र झुरले होते. पोरगं तर केव्हाच उंबऱ्यापाशी जाऊन उभं होतं, बाप जा म्हणायची वाट बघत. मग हुकूम कुणाचा झाला आणि मानला कुणी? त्यांनी हे उलटसुलट करून पाहिलं. काही केल्या धागा सापडेना.

दार उघडून नर्स बाहेर आली. “किडनी देणारे कोण? चला, आत या.”

धाकटा उठला. पिशवी हातात घेतली. पण हलला नाही. त्याने मास्तरांकडे पाहिलं.

“जाऊ?”

“तुझं ठरलंय ना?”

“ठरलंय.”

“आधीपासून ठरलंय ना?”

“हो.”

“मग मला कशाला विचारतोस?”

धाकट्याने पिशवीचा बंद या हातातून त्या हातात केला.

“भीती वाटते, बाबा,” तो म्हणाला. “तुम्ही जा म्हणालात, तर एकटा गेलो असं होणार नाही.”

नर्स दार धरून उभी होती. मास्तर गुडघ्यांवर हात टेकून उठले.

“जा,” ते म्हणाले, आणि त्याच्या आधी आपणच दाराकडे चालू लागले.