बर्फाची टोपी

त्र्याण्णव साली वाटूरच्या दुर्गाबाईच्या छातीतली गाठ काढली. पुढं सलाइनमधून कॅन्सरची औषधं द्यायचं ठरलं, तेव्हा जालन्याच्या दवाखान्यात तिनं एवढंच विचारलं, "केस जातील का वो?"

"बहुतेक जातात," डॉक्टर उमाताई म्हणाल्या. "डोकं बर्फानं गार ठेवलं, तर मुळाशी औषध कमी पोचतं. काहींचे टिकतात. भरवसा देत नाही. आणि गारठा सोसावा लागेल."

बर्फ धरायला सोबत कोणी हवं होतं. थोरली जाऊ साळूबाई आपणहून आली. वाटणीत भांडण झाल्यापासून दोघी बोलत नव्हत्या. दुर्गाबाईचा नवरा तातेराव बर्फाच्या कारखान्यातून बारदानात गुंडाळलेली लादी आणायचा. साळूबाई ती फोडून पिशव्यांत भरायची आणि औषध सुरू व्हायच्या आधीच जावेच्या ओल्या डोक्याभोवती फडक्यानं घट्ट बांधायची.

आधी कपाळात कळ उठायची. मग डोकं बधिर व्हायचं आणि दुर्गाबाईचे डोळे मिटायचे. ती केदारखेड्याला, माहेरी, पूर्णेच्या पाण्यात उताणी पडलेली असायची. केस पाण्यावर पसरलेले, त्यांतून बारके मासे ये-जा करायचे. आभाळातून गारा पडायच्या, पण आवाज न्हाई. धार तिला खाली खाली न्यायची, आणि काठावरून कोणीतरी तिचे केस हलकेच धरून ठेवायचं. तोंड काही दिसायचं न्हाई.

एकदा तिनं मधेच डोळे उघडले. साळूबाई दोन्ही हातांनी पिशवी दाबून उभी होती. बोटं लालभडक झाली होती.

"जाऊबाई, सोडा की. हात गळून जातील."

"गप पड. तुला बोलायला कोण सांगून राह्यलं?"

दुर्गाबाई हसली आणि पुन्हा पाण्यात उतरली.

केस विरळ झाले, भांग रुंदावला. पण वेणी घालता येईल एवढे राहिले. शेवटचं सलाइन झालं तेव्हा उमाताईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या हसल्या.

परतीच्या एसटीत साळूबाई जावेच्या खांद्यावर मान टाकून झोपली. बाहेर कापसाची रानं पांढरी होऊन मागं सरकत होती. वाटूर आलं. कंडक्टरनं हाक दिली, तातेराव उठून दाराशी गेला.

"जरा थांबा वो," दुर्गाबाई हळूच म्हणाली. "आत्ताच डोळा लागला त्यांचा."