पितळी पाटी

गाव पेटलं तेव्हा ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने उचललं. मी पोरीला कडेवर घेतलं, काखेत गोधडी मारली आणि बाहेर येऊन पाहते तर आमचे हे दाराशी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उभे. स्वतःच्या नावाची पितळी पाटी काढत होते. नावाखाली ठळक हुद्दा: मुख्य अभियंता. शेजारीपाजारी जीव मुठीत धरून पळत होते आणि हे शेवटच्या स्क्रूशी झटत होते.

सरहद्द ओलांडली, छावणीत दिवस काढले, शेवटी या परक्या देशात तिसऱ्या मजल्यावर एक खोली मिळाली. मी चूल मांडायच्या आधी यांनी दारावर पाटी ठोकली. आता आपली लिपी इथे कोणाचा बाप वाचणार? पोस्टमन तिला घंटा समजून दाबायचा. पण हे रोज सकाळी फडकं घेऊन तिला लखलखीत करायचे.

खोलीची अट एकच. नवरा-बायको दोघांनी कामाला लागायचं, नाहीतर परत छावणी. तिथल्या ओल्या जमिनीवर झोपून पोरीची छाती भरली होती. तिला पुन्हा तिथे नेणं म्हणजे तिला घालवणंच. मी लगेच हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात लागले. यांना बांधकामावर सिमेंटच्या पाट्या वाहायचं काम मिळत होतं.

"साइटवर मी सावलीत उभा राहायचो," हे म्हणाले. "पाट्या वाहायला माणसं असायची."

"मग बोलवा की त्यांना."

"माझ्या लायकीचं काहीतरी निघेल."

"निघेल ना. तोवर लायकी मांडीवर घेऊन बसा."

इमारतीचा कारभारी दोनदा बजावून गेला. पुढच्या खेपेला सामान बाहेर काढीन म्हणाला. यांचं आपलं सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही.

खालच्या मजल्यावरची बाई भारी चौकस. एकदा जिन्यात तिने विचारलं, तुमच्या दारावर काय लिहिलंय? मी दिवसभर दुसऱ्यांच्या रक्ताच्या चादरी पिळून आलेली, डोकं फिरलेलं. तिच्या भाषेतले मोजके शब्द येत होते, ते कामाला लावले.

"कुत्र्यापासून सावध."

"कधी भुंकताना ऐकलं नाही त्याला."

"म्हातारा आहे. दिवसभर पडून असतो. भुंकतो फक्त घरातल्यांवर."

बाई हळहळली. मला घरी पोचेपर्यंत हसू आवरेना.

दोन दिवसांनी कामावरून येते तर हे खुर्चीत बसलेले, समोर कागदात बांधलेली हाडं. खालची बाई देऊन गेली होती. पाटीकडे बोट दाखवून आणि स्वतः भुंकून तिने यांना सगळं व्यवस्थित समजावलं होतं. यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी पोरगी उठायच्या आत हे बांधकामावर गेले. संध्याकाळी आले ते केसांत सिमेंट घेऊन, मान एका बाजूला धरून. जन्मभर कचेरीत पाट्या टाकल्या, आता खरोखरीच्या टाका, हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. कारभारी येऊन बघून गेला. खोली राहिली.

जेवण झाल्यावर यांनी तोच स्क्रू-ड्रायव्हर काढला. चारी स्क्रू सावकाश सोडवले आणि पाटी गोधड्यांच्या खाली सरकवून दिली.

"खालच्या बाईला सांग," हे म्हणाले, "कुत्रा मेला."

बाई अजून हाडं आणून देते. मी ती घेते, थँक्यू म्हणते. कुत्रा मेला, हे सांगायला माझी जीभ रेटत नाही.