चार बटणं

"मी हात लावणार नाही," सिस्टर म्हणाली आणि तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "चालू द्या, मास्तर."

पलंगाच्या कडेला बसलेल्या म्हाताऱ्या टेलरमास्तरांनी डाव्या हाताने शर्टाचं पहिलं बटण पुन्हा पकडलं. अर्धांगवायूचा झटका येऊन बारा दिवस झाले होते. उजवा हात मांडीवर निर्जीव पडला होता. डाव्या बोटांना काज सापडत नव्हतं आणि सापडलं तरी बटण निसटत होतं. कपाळावर घाम आला होता.

त्यांचा मुलगा केव्हापासून चुळबुळत होता. त्याने जाऊन मेट्रनबाईंना बोलावून आणलं.

"वीस मिनिटं झाली! या नुसत्या बघत उभ्या आहेत."

"राऊंड सुरू व्हायचाय, आणि पेशंट असा उघडा?" मेट्रनबाई करड्या आवाजात म्हणाल्या. "लाव ती बटणं."

"मी लावली तर आज लागतील, मॅडम. घरी गेल्यावर?"

"मला शिकवू नकोस. लेखी खुलासा द्यावा लागेल."

"देईन." सिस्टर जागची हलली नाही.

"कसला खुलासा अन् कसलं काय! मी आहे ना घरी." मुलगा पुढे झाला. त्याने वाकून चटाचट चारही बटणं लावली, कॉलर सारखी केली. "झालं! एवढंच तर होतं."

मास्तरांनी खाली शर्टाकडे पाहिलं. मग डावा हात वर नेऊन पहिलं बटण सोडलं. दुसरं सोडलं. तिसरं, चौथंही.

"बाबा, अहो!"

"शाळेत... जाताना," मास्तरांची जीभ अडखळत होती, पण नजर मुलावरून ढळली नाही. "रडायचास. बटणं... लावून द्या म्हणून. मी... लावली?"

मुलाने बाजूला सरकून खिडकीतून येणाऱ्या उजेडाची वाट मोकळी केली.

मास्तरांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

दारात डॉक्टरांचा घोळका येऊन थांबला. "काय चाललंय इथे?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

सिस्टरने तोंड उघडलं, पण मेट्रनबाई आधीच तिच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"उपचार चाललेत, साहेब," त्या म्हणाल्या. "तुम्ही आज पलीकडच्या रांगेपासून सुरू करा."