दुधाची साक्ष

बापाच्या खुन्याशी निकाह! बुसैनाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. समोर गादीवर तम्माम बसला होता. तिचाच सख्खा आतेभाऊ, मामाला हमामात भोसकून अमीर झालेला! गादी अजून ऊबही धरेना, कारण हिस्न लौझ किल्ल्याचे शिपाई, सगळे बर्बर जमातीचे, त्याला मुजराच करत नव्हते. त्यांच्या सरदाराने, झीरीने, तोंडावर सांगितलं होतं, "जुन्या अमिराचा जावई झालास तर तलवारी तुझ्या. नाहीतर तुझं तू बघ."

म्हणून तर एवढी घाई चालली होती.

"तोंड कशाला वाकडं करतेस?" तम्माम बदाम चघळत म्हणाला. "मामाची पोरगी म्हणजे हक्काची."

"मामाला मारलंस ना? मग कसला मामा आणि कसला हक्क रे, मेल्या?"

काझी अस्बाग घाईघाईने खाकरले. "कुणाची हरकत?"

"माझी!" बुसैनाची दाई मुझना पुढे झाली. "हा निकाह हराम आहे. दोघांनाही मी अंगावर पाजलंय. एका दुधाची भावंडं आहेत ही."

बुसैना चाटच पडली. तम्माम वाढला नदीपलीकडे, आत्याच्या घरी. मुझनाने त्याला कधी कडेवरसुद्धा घेतलं नव्हतं! म्हातारी भर दरबारात धडधडीत खोटं बोलत होती. बुसैनाला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

"थेरडे, जीभ हासडीन!" तम्माम ओरडला.

"हासड की. पोटात गेलेलं दूध थोडंच परत येणार आहे?"

काझींनी दाढी कुरवाळली. "एकटीच्या शब्दावर निकाह अडत नाही. दुसऱ्या बाईची साक्ष हवी."

तम्माम खदखदून हसला. "मग माझ्या आईलाच बोलवा! मला कुणी पाजलं ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक?"

आत्या आली, सुतकाच्या पांढऱ्या कपड्यांत. भाऊ गेल्यापासून ती लेकाशी चकार शब्द बोलली नव्हती. तरी आईच ती! संपलं सगळं, बुसैनाला वाटलं.

"सांग आई, मी कुणाचं दूध प्यालो?"

आत्याने त्याला नखशिखांत न्याहाळलं. "तू झालास आणि मी तापाने फणफणले. दूध आटलं. मुझनानेच पाजलं तुला."

"खोटं! आई, खोटं का बोलतेस?"

"माझ्या दुधाचा असतास तर माझ्या भावावर हात उचलला असतास?"



"हराम," काझी म्हणाले. "निकाह होणार नाही."

"झीरी! धर या दोन्ही सटव्यांना!"

झीरी जागचा हलला नाही. "जावयाचा हुकूम ऐकायचा ठरला होता," तो म्हणाला आणि माणसांना घेऊन बाहेर पडला. तम्माम पहारेकऱ्यांना एकेका नावाने हाका मारत सुटला. एकानेही ओ दिली नाही. अंगणात शिपायांचा गलका मात्र वाढत चालला.

बुसैनाने आत्याचा हात धरला.

"चल लवकर," आत्या पुटपुटली. "शिपाई याला ओढून न्यायला येतील, तेव्हा मला इथे थांबायचं नाही."