सांडणीचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना डीव्हीडी रायटर आहे. नाव भारदस्त असले तरी दिसायला मी म्हणजे एक चपटा करडा डबा. बटण दाबले की माझी जीभ बाहेर येते, तिच्यावर तुम्ही चकती ठेवता आणि मी ती गिळतो. चकती पोटात गरगरू लागते. मग माझ्या आतला प्रकाशाचा एक बारीक ठिपका तिच्यावरून फिरत जातो, आतल्या कडेकडून बाहेरच्या कडेकडे, झोपलेल्या माणसाच्या पाठीवरून कुणी अलगद बोट फिरवावे तसा. त्या स्पर्शाला लागणाऱ्या खळग्यांतून चित्रे उठतात, आवाज उठतात. पडद्यावर काय उमटते ते मला दिसत नाही. मी पडद्याच्या खाली, तोंड बाहेर करून बसलेला. मला दिसतात ते पडद्याकडे पाहणारे चेहरे.

माझा जन्म एका लांबलचक पांढऱ्या दालनात झाला. तिथे सगळ्यांनी डोक्याला टोप्या आणि तोंडाला फडकी बांधलेली होती. माझे भिंग बसवणाऱ्या बाईचे फक्त डोळे मला आठवतात. श्वाससुद्धा लागू नये म्हणून ती मान वळवून श्वास सोडत असे. इतकी हळुवार वागणूक मला पुढे क्वचितच मिळाली.

तिथून मी एका जिन्याखालच्या दुकानात आलो. दुकान ताईचे होते. सगळी गल्ली तिला ताईच म्हणे, तिच्याहून वयाने मोठी माणसेसुद्धा. जुन्या व्हीसीडींवरचे सिनेमे डीव्हीडीवर उतरवून देणे हे आमचे काम. तुम्हाला ठाऊक नसेल, पण तेव्हा एक सिनेमा दोन चकत्यांत मावत असे. ऐन रंगात आला की पडदा काळा व्हायचा. मग ‘तू ऊठ’, ‘नाही, तू ऊठ’ करता करता कुणीतरी दुसरी चकती घालायचे. ते तुटलेले दोन अर्धे मी एका चकतीवर जोडून देत असे. बारसी, लग्ने, गॅदरिंगची नाटके, आणि कुणी हौसेने स्वतः काढलेले सिनेमेही. विकत आणलेल्या नव्या सिनेमाच्या चोरून नकला मागायला कुणी आले, तर ताई हसून म्हणे, “भाऊ, दुकान चुकलं तुमचं.”

वाचताना मी थंड असतो, पण लिहिताना तापतो. कोऱ्या चकतीवर लिहायचे म्हणजे तिला प्रकाशाने भाजायचे असते. माझे अंग कोमट झाले की ताई त्यावर तळवा ठेवून म्हणायची, “हा माझा हुकमी एक्का.” खरे सांगतो, तेव्हा मी फुशारून जात असे.

पण फिरणाऱ्याचे दिवसही फिरतात. सिनेमे माणसांच्या खिशात गेले. दुकानात मोबाइलची कव्हरे लटकू लागली आणि मी वायरींच्या गुंत्यासोबत एका खोक्यात जाऊन पडलो. तिथे मला स्वप्ने पडत. पोटात काही नसताना काहीतरी फिरते आहे असे वाटे. कुठल्या तरी वरातीतला बँड, कुठल्या तरी बाळाचे हसणे, कुणाच्या तरी अंगणातले ऊन असे सगळे एकमेकांत मिसळून, पाण्याखालून यावे तसे येई आणि विरून जाई.

एका दुपारी खोके उघडले. वर ताईचा चेहरा होता आणि तिच्या खांद्यावरून एक मुलगी डोकावत होती.

“हा अजून चालेल?” मुलीने विचारले.

“विचारून बघू या त्यालाच,” ताई म्हणाली आणि तिने माझ्यावरची धूळ फुंकली.

मुलीबरोबर तिची आत्या होती, उंच, ताठ, गळ्याभोवती सुती ओढणी गुंडाळलेली. ती काही बोलत नव्हती. ओठ मात्र भराभर हलत होते आणि मुलगी त्या ओठांकडे पाहून बोलत होती. “आत्या म्हणतेय, चकत्या कडेला धरा. आत्या म्हणतेय, घाई नाही, पण काम आजच झालं पाहिजे.” ताईला हसू आले.

हळूहळू मला सगळे कळले. या आत्याने मुलीला लहानपणापासून सांभाळले होते. मुलगी पाळण्यात होती तेव्हाच आत्याच्या घशाचे मोठे ऑपरेशन झाले आणि आवाज कायमचा गेला. मुलीने तो कधी ऐकलाच नव्हता. त्याआधी आत्या बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या एका मंडळीत होती. त्यांनी एकदाच, पदरमोड करून, बाहुल्यांचा एक सिनेमा काढला होता. त्यात एक सांडणी होती, म्हणजे उंटाची मादी. ती समुद्र पाहायला वाळवंटातून निघते. त्या सांडणीचा आवाज आत्याचा होता. मंडळी पांगली, बाकीच्या प्रती हरवल्या. उरल्या त्या या दोन व्हीसीडी, आणि त्यांचीही चंदेरी कांती बाहेरच्या कडेने पोपडे धरू लागली होती.

पहिली चकती मी गिळली. किती वर्षांनी पोटात काहीतरी फिरले! मी घरघरलो, अडखळलो आणि मग सूर लागला. स्पीकरमधून एक घोगरा, ठसकेबाज आवाज आला. सांडणी आपल्या मालकाला झाडत होती, “पाठीवर ओझं घाला, नाकात वेसण घाला, आणि वर विचारा, तोंड का वाकडं!”

मुलगी दचकली. “ही तू?”

आत्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवले.

“खोटं!”

मग आत्याचे ओठ हलू लागले. पडद्यावरची सांडणी आणि ती, दोघी एका श्वासात बोलत होत्या. एक शब्द पुढे नाही, एक मागे नाही. मुलगी कधी पडद्याकडे बघे, कधी आत्याकडे. तिचा चेहरा आधी हसला, मग रडवेला झाला, मग पुन्हा हसला.

“तू एवढी भांडकुदळ होतीस?”

आत्याचे ओठ हलले. मुलीने ताईला सांगितले, “म्हणतेय, होतीस काय, आहेच.”

दुसरी चकती सुखरूप निम्म्यावर गेली. सांडणीला वाऱ्यात खारा वास लागला. ती टेकडी चढू लागली. आणि मी चकतीच्या बाहेरच्या कडेशी पोचलो. तिथे खळगे संपून नुसती भोके लागली. मी थांबलो, मागे आलो, पुन्हा गेलो. ताईने चकती काढली, मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसली, मला अगदी सावकाश फिरवले. शेवटी चित्र कसेबसे मिळाले. आवाजाच्या जागी मात्र चरचर होती.

“शेवटच नाही?” मुलगी पडद्याजवळ सरकली. “समुद्र बघून ती काय म्हणते तेच नाही?”

मित्रांनो, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. माझ्या ठिपक्याने सगळी ताकद लावली होती, पण चकतीवर जे उरलेच नाही ते मी कुठून वाचणार?

आत्याने ताईला खूण केली, पुन्हा लाव. चरचर सुरू झाली तशी तिने मुलीची हनुवटी आपल्याकडे वळवली. तिचे ओठ हलले आणि मुलगी सवयीने, जशी रोज दुकानात, बसथांब्यावर, शाळेच्या दारात बोलायची तशी बोलून गेली:

“अगं बाई, एवढं पाणी! आणि मी वेडी येताना घागर विसरले म्हणून रडत होते!”

ताईने चकती थांबवली. मग ताई हळूच म्हणाली, “थांब. हेच मला माइकवर पाहिजे.”

आत्या मोठी कडक निघाली. मुलीचे पहिले बोलणे तिला पसंत पडले नाही, दुसरेही नाही. मुलगी वैतागली, “मग तूच म्हण ना!” आणि म्हणताच जीभ चावली. आत्या मात्र खदखदून हसली, आवाजाविना, खांदे हलवत. तिने मुलीच्या पोटावर तळवा ठेवला आणि श्वास कुठून घ्यायचा ते दाखवले. मुलीने डोळे मिटले. या वेळी ‘एवढं पाणी’ म्हणताना तिचा आवाज मधेच घोगरा झाला, आणि आत्याने तळवा काढून घेतला. झाले, मनासारखे झाले.

ताईने तो आवाज चरचरीच्या जागी बसवला. मग मी कोरी डीव्हीडी गिळली आणि लिहू लागलो. आयुष्यात मी पुष्कळ नकला केल्या, पण ही नक्कल मुळापेक्षा वेगळी होती. तरी ती मला सगळ्यात खरी वाटली. वाळवंट, वारा, दोन आवाज माझ्या पोटातून सावकाश चकतीवर उतरत होते. बाहेर आली तेव्हा ती कोमट होती. मुलीने ती कडेला धरून गालाला लावली. आत्याने पेन मागून घेतले आणि चकतीवर लिहिले, ‘सांडणी: आम्ही दोघी’.

आता मी पुन्हा टेबलावर असतो. काम रोज नसते. कधी कधी पोट रिकामे असतानाही कुठेतरी लाटा फुटल्यासारखे वाटते.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या कपाटातही कुठेतरी अशा चकत्या असतील. त्यांची झिलई सुटण्याआधी त्या बाहेर काढा, कडेला धरा, एकीच्या दोन प्रती करा. आणि त्या लावाल तेव्हा ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना शेजारी बसवून घ्या. चकती जिथे गप्प होईल, तिथे त्यांच्या ओठांकडे पाहा.